तंबाखू खात नाही, मिश्री लावतो: थिसिसची प्रश्नावली मराठीत करायलाच पाहिजे का?

वखारीची_नात

नमस्कार. इथं एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) झालेले, शिकवणारे, फिल्डवर काम करणारे कोणी असतील तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, थोडं लांबलंय.

मी एमपीएच सेकंड इयरला. कॉलेज कुठलं ते विचारू नका, बॅच एवढीशी आहे की लगेच कळेल मी कोण ते. बीएचएमएस करून आलेय. घर निपाणीच्या बाजूला, म्हणजे कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. घरात अजून कुणाला नीट कळलेलं नाही मी काय शिकते ते, आत्या दर सणाला विचारते "आता तू सुई टोचणार की ऑफिसात बसणार गं?" आणि खरं सांगू का, मलाही नक्की माहीत नाही.

टॉपिक मी हट्टाने घेतलेला: तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांमधला तंबाखूचा वापर, म्हणजे बिडी-सिगारेट सोडून बाकीचा. निपाणी म्हणजे बिडीच्या तंबाखूचं गाव, ते वेगळं सांगायला नको. माझी आज्जी कितीतरी वर्षं वखारीला जात होती, संध्याकाळी आली की तिच्या पदराचा वास आणि तिच्या शिंका, आम्ही पोरं लांबूनच ओळखायचो आज्जी आली म्हणून. सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) पास झाला, एथिक्स कमिटीनं मंजुरी दिली, सगळं छान. प्रश्नावली इंग्लिश आणि कन्नड अशी दोन भाषांत जमा केलेली, प्रश्न ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हेवरून घेतलेले, कन्नड भाषांतर एका ओळखीच्या सरांनी करून दिलेलं. मला कन्नड वाचता येतं, बोलतापण येतं, त्यामुळे मला वाटलं होईल की.

मागच्या आठवड्यात पायलटला, म्हणजे प्रश्नावली थोड्या बायकांवर आधी तपासून बघायला गेले. पहिलीच मावशी, साठीच्या आसपास, घरी मराठी बोलणारी. कन्नड प्रश्न वाचला, 'होगेरहित तंबाकु' वगैरे, ती नुसती बघत बसली. मग मी मनानंच मराठी केलं, "मावशी, धूरविरहित तंबाखू वापरता का?" तर म्हणते "धूर? चुलीचा काय?" मी म्हटलं नाही हो, तंबाखू खाता का? "छ्या! तंबाखू बाप्यांनी खायाची, मी न्हाय खात." मी 'नाही' वर टिक केली आणि पुढं गेले. दोन पानं झाली. मग मावशीनं बोलता बोलता कनवटीची चपटी डबी काढली, चिमूटभर काळी पूड तळहातावर घेतली, बोटानं दातावर चोळायला सुरुवात. मी म्हटलं हे काय? "मिश्री. तंबाखू न्हवं काय ही, दात घासतो मी. ही लावल्याबिगर सकाळी परसाकडं हुत न्हाई." (आमच्याकडं बायका 'मी लावतो' असंच म्हणतात, बाहेरच्यांना सांगते.)

आता ही मिश्री म्हणजे काय, तर तंबाखूच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरायची, माझ्या आज्जीनं परसात भाजायला घेतली की शेजारचे खोकत खिडक्या लावायचे. पण तिच्या लेखी ती तंबाखू नाहीच. त्या दिवशी जितक्या बायका केल्या त्यात छापील प्रश्नाला हो म्हणणाऱ्या एका हाताच्या बोटावर, आणि 'मिश्री लावता का' विचारलं की निम्म्याहून जास्त हो. म्हणजे मी प्रश्न कसा विचारते त्यावर माझा अख्खा रिझल्ट फिरतोय!

गाईड सरांना सांगितलं. सर वाईट नाहीत, कन्नड त्यांची घरची भाषा, मराठी थोडं कळतं. पण ते म्हणाले ॲप्रूव्ह झालेलं टूल (प्रश्नावली) आहे तेच वापर, मराठी करायचं म्हणजे अमेंडमेंट (मंजूर झालेल्यात बदल), परत कमिटी, कमिटी बसते दोन-दोन महिन्यांनी, सबमिशन तोंडावर आलंय. आणि वर म्हणाले एवढं अवघड वाटत असेल तर टॉपिक बदल, मेडिकल-डेंटलच्या पोरांचं नॉलेज-ॲटिट्यूड घे गुगल फॉर्मवर, आठवड्यात ४०० रिस्पॉन्स. माझ्या दोन्ही रूममेट तेच करायल्यात आणि रात्री दहाला झोपायल्यात.

तर विचारायचं असं की मराठी व्हर्जन नसताना मी तोंडी मराठीत विचारलं तर चालतं का? वखारवाले आत सोडेनात, त्याला काय करायचं? सॅम्पल साईज १७९ काढलाय, बरोबर आहे का? आणि टॉपिक बदलू का? प्लीज इथं सीमाप्रश्न काढू नका, माझा प्रश्न मिश्रीचा आहे.

---

चिकोडीवाला

टॉपिक बदलू नकोस. बाकी काय वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं वाच.

आता तोंडी विचारण्याचं. मी पण हाच घोळ घातलेला. माझा थिसिस शुगरच्या पेशंटवर, व्यायामाचा प्रश्न होता, मी एका घरात "व्यायाम करता का" विचारायचो, दुसऱ्या घरात "चालायला जाता का", तिसऱ्या घरी "काम काय काय करता". दिवसभर ऊस भांगलणारी बाई व्यायामाला 'नाही' म्हणते आणि रिटायर मास्तर सकाळी देवळापर्यंत चालून 'हो' म्हणतात. डेटा एन्ट्री करताना मला कळलं की मी एक प्रश्न विचारलेलाच नाही, तीन वेगवेगळे विचारलेत आणि एकाच कॉलममध्ये भरलेत. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांनी, नेमकं तिथंच बोट ठेवलं. मराठीत नेमके कुठले शब्द वापरले ते दाखवा म्हणाले, माझ्याकडं कागदच नव्हता. पास केलं, पण ती पाच मिनिटं अजून आठवली की घाम फुटतो.

म्हणून तोंडी नको. कागदावर एकच वाक्य पाहिजे, आणि तू विचार नाहीतर तुझी मैत्रीण विचारू दे, तेच वाक्य तसंच्या तसं.

अजून एक, 'गेल्या १२ महिन्यात' हा प्रश्न आमच्या भागात चालत नाही. बायका महिने मोजत नाहीत. 'मागच्या दसऱ्यापासून' म्हटलं की लगेच सांगतात.

गाईडला घाबरू नको पण त्यांच्यावर चिडूनही जाऊ नको. अमेंडमेंट म्हटलं की सगळ्यांना वाटतं पूर्ण कमिटी बसणार, तसं नसतं. आयसीएमआरची (देशातल्या मेडिकल रिसर्चची सरकारी संस्था) २०१७ ची गाईडलाईन आहे ना, त्यात रिस्क न वाढवणाऱ्या किरकोळ बदलांना एक्स्पेडायटेड रिव्ह्यू चालतो, म्हणजे सगळी मिटिंग न घेता दोघं-तिघं मेंबर बघून देतात. भाषांतर जोडायचं हे त्यातच बसायला पाहिजे. मेंबर सेक्रेटरीला आधी जाऊन भेट, मेल टाकून वाट बघत बसू नको, मेल कोण बघतंय.

---

नॉलेज_ॲटिट्यूड_प्रॅक्टिस

गुगल फॉर्म घे गं. रिझल्ट आत्ताच देतो: नॉलेज चांगलं, ॲटिट्यूड पॉझिटिव्ह, प्रॅक्टिस पुअर. कन्क्लुजन: हेल्थ एज्युकेशनची गरज आहे. लिमिटेशन: सॅम्पल एकाच कॉलेजचा. झाला थिसिस, कुंदा वाट.

---

स्टाफरूममधून

वरच्या रिप्लायला हसले पण हसण्यासारखं नाही, असले थिसिस मी स्वतः सही करून पाठवलेत.

मी पब्लिक हेल्थ शिकवते, हुद्दा आणि कॉलेज सांगत नाही. आधी तुझ्या गाईडच्या बाजूने दोन शब्द बोलते, कारण कोणी बोलत नाही. आमच्याकडं एकेकाकडे पाच-सहा थिसिस असतात, त्यात लेक्चर, अटेंडन्स, इन्स्पेक्शन आलं की रात्र रात्र बसून फाईली, त्यात आणि मागच्या वर्षाच्या पोरांचे न आलेले पेपर. 'ॲप्रूव्ह झालंय तेच वापर' हे वाक्य तुझ्यावर राग म्हणून येत नाही गं, ते थकवा म्हणून येतं. मी पण म्हणते. आणि एखादी पोर दुसऱ्या दिवशी परत आली तर ऐकते. म्हणून परत जा, पण यावेळी कागद घेऊन.

कागद कुठला, तर ज्या सर्व्हेवरून प्रश्न घेतलेस तोच. ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हेच्या भारताच्या प्रश्नांत खायची तंबाखू वेगळी आणि तोंडात लावायची वेगळी असं आहे, आणि लावायच्या यादीत तपकीर, मिश्री, गुल, गुडाखू नावानिशी आहेत. तुझ्या कन्नड भाषांतरात ती यादी गेली कुठं? मला वाटतं तुझ्या ओळखीच्या सरांनी शुद्ध कन्नड करायच्या नादात नावं गाळली आणि 'धूरविरहित' ठेवलं. बघ एकदा मूळ काढून. तसं असेल तर तू टूल बदलत नाहीस, सुटलेलं परत आणतेस. गाईडला हे सांगायला सोपं आणि कमिटीलाही. मराठीचा मुद्दा त्याच्या मागून येऊ दे.

मोजायचं साधन चुकलं की काय होतं याचं उदाहरण लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यात आहे. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे पूर्वीपासून नर्स-डॉक्टर नजरेनं सांगायचे. बेळगावात जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या लोकांनी बाईच्या खाली आकडे छापलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून मोजलं, तर नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा साधारण ३३ टक्के कमी भरला. तेच डोळे, तेच रक्त. त्याच काळात, २००२ ते २००५, जिल्ह्यातल्या चार पीएचसींच्या (प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या) भागात एएनएम बायकांनी, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सनी, १६२० बाळंतिणींवर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीची ट्रायल केली, अर्ध्या जणींना खरी गोळी अर्ध्यांना खोटी, आणि जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. आता विचार कर, तिथं पिशवी नसती, नजरेवर सोडलं असतं, तर हा फरक एवढा स्वच्छ दिसला असता का? मी दर वर्षी पहिल्या लेक्चरला ही गोष्ट सांगते, पोरं मोबाईल बघत असतात. तुझी प्रश्नावली ही तुझी पिशवी आहे. तुझ्या पिशवीला भोक आहे हे तुला पहिल्याच मावशीनं डबी काढून दाखवलं, पायलट त्याच्यासाठीच असतो.

कन्सेंटचं (बाईच्या संमतीचं) वेगळं लक्षात ठेव. सहभागी बाईला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक पाहिजेच, हे ऐच्छिक नाही. लिहिता-वाचता न येणारी असेल तर तिला वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, आणि बाजूला लिहिता-वाचता येणारी साक्षीदार पाहिजे, ती तुझ्या टीममधली नको. तू मराठी बोलणाऱ्या बाईचा अंगठा कन्नड कागदावर घेतलास तर उद्या कोणी विचारलं की काय सांगणार? गाईडना हे एवढं एकच सांगितलंस तरी ते अमेंडमेंटवर सही करतील, कारण त्यात त्यांचंही नाव आहे.

भाषांतराची पद्धत: एकीनं मराठी करायचं, मग ज्यानं मूळ बघितलेलं नाही अशा दुसऱ्यानं ते परत इंग्लिश किंवा कन्नड करायचं आणि मूळ शेजारी ठेवून वाचायचं. वेळखाऊ वाटतं पण जाम मजा येते. माझ्या एका विद्यार्थ्यानं 'ओरल हेल्थ' चं 'तोंडी आरोग्य' केलेलं, ते परत इंग्लिश होऊन आलं 'व्हर्बल हेल्थ'. परत करणारा डॉक्टर नको. गावातल्या शाळेचे मास्तर बरे.

---

चिकोडीवाला

मॅडम तुम्ही आमच्या कॉलेजात असत्या तर बरं झालं असतं.

---

स्टाफरूममधून

असतेही कदाचित, तू मागच्या बाकावर असशील.

---

सिस्टर_सबसेंटर

मी थिसिस वगैरे केलेलं नाही, मी सबसेंटरला सिस्टर. पूर्वी एएनएम म्हणायचे आता प्रायमरी हेल्थ केअर ऑफिसर म्हणतात, नाव मोठं झालं रजिस्टरं तेवढीच. पण वखारीच्या बायका माझ्या एरियात हाईत म्हणून लिहिते.

वखारीत जाऊ नकोस बाळ. मालकाला वाटतं ही लेबर ऑफिसची नाहीतर पेपरवाली. आणि परमिशन मिळाली तरी मुकादम शेजारी उभा राहतो, त्याच्यासमोर कोण बाई खरं बोलंल? आत एवढी धूळ असती की तूच शिंकत बसशील, लिहिणार कधी. घरी जा. सात वाजता जा, भाकरी चालू असती, चुलीजवळ बसून विचारलं की बायका बोलतात. बाजाराच्या दिवशी आणि पगाराच्या दिवशी जायचं नाही. आमच्या आशांना घेऊन जा पण आशानं ओळख करून दिली की तिला म्हणायचं तू जा आता. का, तर आशानं आणि मी त्यांना दहादा सांगितलेलं असतं मिश्री सोडा म्हणून, आमच्यासमोर सगळ्या सोडलेल्याच असतात! विशेष करून गरोदर. डबी बाहेर काढायची न्हाईत. मळमळ होती, मिश्री लावली की बरं वाटतं असं म्हणतात, आणि बाळ बारीक राहिलं तर बाळंतपण सोपं जातं असं पण मी ऐकलेलं हाय. काय बोलायचं.

आणि एक. भाषण देऊ नको मधेच. एक पोर आलती मागं, बाईनं मिश्री म्हटल्यावर लगेच कॅन्सरचा फोटो मोबाईलवर दाखवला. त्या गल्लीत परत कुणी दार उघडलं नाही तिला. सगळे प्रश्न संपू देत, मग सांग काय सांगायचं ते.

तोंडात पांढरा डाग दिसला तर काय करणार ते आधी ठरवून ये. आमच्याकडं ३० च्या वरच्यांची तोंडाची तपासणी असतीच, तिथं पाठव, मला फोन कर. नुसतं लिहून घेऊन गेलीस तर बायका म्हणतील बघून गेली आणि काय केलं नाही.

भाषेचं म्हणशील तर मराठी कर पण नुसतं मराठी करून भागणार नाही. माझ्या एरियात गल्ली बदलली की भाषा बदलती. मुसलमान बायका त्यांच्या हिंदीत बोलतात, काही घरं पक्की कन्नड. आणि पोरी कन्नड शाळेत शिकलेल्या, घरात मराठी बोलणार पण वाचायला दिलं तर कन्नड वाचणार. कागद त्यांच्या हातात दे, तोंडानं मराठी बोल.

---

पी_म्हणजे_पॉइंट_शून्य_सहा

१७९ कुठून आले ते बघितलं. तू पी (वापरणाऱ्यांचं अंदाजे टक्के प्रमाण) १२.८ धरलायस, तो ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हेच्या २०१६-१७ च्या दुसऱ्या फेरीतला, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या देशभरातल्या बायकांचा आकडा. ४ गुणिले १२.८ गुणिले ८७.२, भागिले ५ (टक्के एरर, म्हणजे चालणारी चूक) चा वर्ग, १७८.६, म्हणजे १७९. गणित बरोबर. आकडा चुकीच्या ठिकाणचा.

एक म्हणजे देशातल्या सगळ्या बायका आणि दिवसभर तंबाखूत हात असणाऱ्या निपाणीच्या बायका एकच कशा? तुझ्याच पायलटमध्ये निम्म्याहून जास्त निघाल्यात म्हणतेस. मग पी ५० धर, ४०० येतात, आणि पुढं कुणी भांडत नाही कारण त्याच्यावर आकडा जातच नाही (५ टक्के एरर धरून). दुसरं, १२.८ लाच चिकटून राहिलीस आणि एक्स्टर्नल रिलेटिव्ह एररवाला निघाला, पी च्या २० टक्के म्हणाला, तर त्याच पी वर ६८२ होतात. सिनॉप्सिसमध्ये ॲब्सोल्यूट का रिलेटिव्ह ते लिहिलंयस का? बहुतेक नाही, कोणीच लिहीत नाही.

तिसरं, एकाच वखारीतल्या, एकाच गल्लीतल्या बायका एकमेकीसारख्याच असतात, एकीकडून दुसरीला सवय लागते, डबी पण एकच फिरते. गल्ल्या निवडून घेणार असशील तर डिझाईन इफेक्ट लागेल, म्हणजे आकडा अजून वाढणार. ४०० पण जमणार नसेल तर गाईडशी बोलून एरर ७ कर, पी ५० वर २०५ येतात, पण का केलं ते लिही. सॅम्पल साईज बदलला तर तोही त्याच अमेंडमेंटमध्ये घाल, दोनदा कमिटीकडं जाऊ नको.

पायलटच्या बायका फायनलमध्ये घेऊ नको. त्यांना आता पेपर माहीत झालाय.

आणि डिस्कशनला लागेल म्हणून सांगून ठेवतो, मुंबईतला २००४ चा बीएमजे या मेडिकल जर्नलमधला अभ्यास वाच, १२१७ गरोदर बायका, त्यात तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या, आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी. सिस्टरनी ते 'बारीक बाळ' लिहिलंय ना, तेच हे.

---

वखारीची_नात

सगळ्यांना थँक्यू, खरंच. दहा दिवस आले नाही इथं, त्याचं कारण सांगते.

मॅडमनी सांगितल्यावर रात्री मूळ प्रश्नावली काढली. मिश्री होती! यादीत सरळ लिहिलेली. माझ्या कन्नड कागदावर त्या ठिकाणी 'इतर' एवढाच शब्द. मी तीनदा प्रूफ बघितलेलं, सही केलेली, आणि मला दिसलं नाही, आता काय बोलायचं.

सोमवारी गाईड सरांकडं गेले. दोन कागद आणि आज्जीची डबी. डबी न्यायची का नाही यावर रूममेटबरोबर अर्धा तास चर्चा झाली (ती म्हणाली डिपार्टमेंटमध्ये तंबाखू घेऊन जाशील तर थिसिसच्या आधी नोटीस मिळेल). सरांनी आधी कागद बघितले, काही बोलले नाहीत. मग मी डबी टेबलावर ठेवली. सरांनी उघडून वास घेतला आणि लागोपाठ चार शिंका, बाहेरून अटेंडर बघायला आला काय झालं म्हणून. डोळे पुसत म्हणाले, "हे तर आमच्या आजीच्या कड्डीपुडीसारखं आहे की." मी म्हटलं सर ते काय? तर त्यांच्या बाजूला तंबाखूच्या काड्यांची पूड करून पानात घालून खातात बायका, त्याला कड्डीपुडी म्हणतात. मग त्यांनी माझा कन्नड कागद परत ओढला, वरपासून खालपर्यंत बघितला, आणि म्हणाले यात कड्डीपुडीपण नाही. माझ्या आजीनंसुद्धा 'नाही' सांगितलं असतं याला.

म्हणजे मी इतके दिवस मराठी-मराठी करत बसले आणि कन्नड कागद कन्नड बाईलासुद्धा कळला नसता. सिस्टर म्हणाल्या तसंच. आता दोन्ही कागद नवीन होणार, कन्नड सर स्वतः बघणार म्हणाले (फोनवर त्यांच्या आईला विचारून, माझ्यासमोरच लावला फोन). मराठीचं परत-भाषांतर आमच्या शाळेतल्या मास्तरांनी करून दिलं. त्यांनी 'चोळणे' चं मसाज केलंय, ते दुरुस्त करायचंय. मुसलमान गल्लीसाठी तिसरा कागद आत्ता झेपणार नाही, त्या गल्ल्या सध्या घेत नाही, लिमिटेशनमध्ये सरळ तसं लिहिणार.

सॅम्पल साईजवर सर आणि बायोस्टॅटच्या मॅडमचं जुंपलंय, ४०० का २०५ ते अजून ठरेना. मी दोघांना चहा नेऊन देते आणि गप्प बसते. सेक्रेटरींना प्रत्यक्ष भेटले, एक्स्पेडायटेडमध्ये घेऊ म्हणाले, तीन आठवडे तरी लागतील. सबमिशनला महिन्याची मुदतवाढ मागायचा अर्ज सरांनीच लिहून दिला, हे मला अपेक्षित नव्हतं. रूममेटचे गुगल फॉर्म २१२ वर अडकलेत, ज्युनिअर पोरं लिंक बघून ब्लॉक करायल्यात.

सिस्टर, मंजुरी आली की मी मंगळवारी संध्याकाळी तुमच्या एरियात आले तर चालेल का? बस आहे, आधार कार्ड दाखवलं की कर्नाटकात आम्हा बायकांना तिकीट फुकट, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च नाही. फक्त परत यायला शेवटची गाडी किती वाजता ते सांगा. आणि मॅडम, डबी अजून सरांच्या ड्रॉवरमध्येच आहे, नव्या कागदावर छापायला फोटो काढायचाय म्हणून ठेवून घेतली, इकडं आज्जी रोज फोन करून विचारती माझी डबी कुठं हाय म्हणून.

---

सिस्टर_सबसेंटर

मंगळवार चालंल. शेवटची गाडी चुकली तर माझ्याकडं राहा. आज्जीला नवी डबी घेऊन देऊ नको, तेवढंच जरा कमी हुईल.